राजमती मॅडम आणि तीनशे जोड पैंजण

भादव्याचा पाऊस आठ दिवस नुसता भुरभुरत होता. धड कोसळत नव्हता, धड उघडत नव्हता. अशी हवा हुपरीच्या चांदीला सोसत नाही. रिठ्याच्या पाण्यात धुतलेले पैंजण पंख्याखाली पसरले तरी ओल धरून बसतात आणि दुपारपर्यंत त्यांच्यावर मळकट सावट चढतं. त्या सकाळी मात्र साडेपाचलाच ढग फाटले, आणि राजमती मगदूमनं पहिलं काम केलं ते म्हणजे माडीवरची खिडकी उघडून पैंजणांच्या चटया उजेडात ओढल्या.

मग ती पाटावर बसली. डाव्या हातात चिमटा, तोंडात फुंकणी, समोर ज्योत. कडीला कडी भिडवायची, सांध्यावर झाळीचा, म्हणजे जोडधातूचा, कण ठेवायचा, फुंकणीनं ज्योत वळवून डाग द्यायचा. कण पाण्यासारखा पळाला की सांधा बसला. प्रत्येक सांध्याला ती मनात आकडा म्हणायची, आणि तो मराठीत नव्हे. वंदु, यरडु, मूरु. माहेर गडहिंग्लजच्याही खाली, सीमेला टेकलेलं. वडलांचं मिरचीचं दुकान. तिथं मोजमाप सगळं कानडीत चालायचं, ते हाताला चिकटलं ते चिकटलंच.

सात वाजता नवरा, गोमटेश, पत्र्याची पेटी घेऊन वर आला.

"झालं का गं? पेटी भरायची हाय."

"झालं. खाली बायकांचं सगळं भरून घ्या. माझे बारा जोड राहू द्या, मी ठेवतो."

गोमटेशनं हाताखालच्या बायकांचे जोड कागदाच्या थरांवर रचत आणले. राजमतीनं आपले बारा जोड शेवटी, सगळ्यात वर, घुंगरं एका बाजूला येतील असे मांडले आणि झाकण लावलं. बावीस वर्षं ती हे रोज करत होती. घरातल्या जाणत्या हाताचं काम वर. पेटी उघडणाऱ्याला पहिल्यांदा घरचा मान दिसला पाहिजे, ही गल्लीतली रीत. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिनं कधी केलाही नव्हता.

साडेआठला हात धुऊन, धुतलेली साडी नेसून ती तालुक्याच्या बसला उभी राहायची. तिथल्या कॉलेजात राजमती मॅडम संख्याशास्त्र शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे तासावर. कायम व्हायचं म्हणून सतरा वर्षं वाट बघत होत्या आणि आता वाट बघणं सोडून नुसतं शिकवत होत्या. पिशवीत डबा, हजेरीचा कागद, आणि यंदापासून एक जाडजूड काळं यंत्र.

ते यंत्र भावाच्या पोराचं. चिराग अमेरिकेत शाळा शिकला. सुट्टीत आला तेव्हा बॅगेतून कपडे काढता काढता ते कॉटवर पडलं.

"हे काय रे?"

"आत्या, ग्राफिंग कॅल्क्युलेटर. शाळेत सक्तीचा होता. आता मोबाईलवर सगळं होतं, मला नको."

"फेकणार हाईस का?"

"हो."

"फेक बघू. माझ्या पदरात फेक."

तीन रात्री तिनं त्याची बटणं दाबली. एवढीशी काच, पण आकडे भरले की त्यावर खांब उभे राहायचे, रेघ वळायची, डोंगर व्हायचा. एम.एस्सी.ला असताना जे आलेख तिनं शंभर-शंभर ठिपके देऊन काढले होते, ते हा पठ्ठ्या पापणी लवायच्या आत काढत होता. परीक्षेत असलं यंत्र चालत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण परीक्षा वर्षातनं तीन तास. वर्ग उरलेलं वर्षभर.

वर्गात एकतीस पोरं. कॅल्क्युलेटर एक. पहिल्या दिवशी तो हातोहात फिरला तेव्हा मागच्या बाकावरनं आवाज आला, "मॅडम, ह्यात चॅनेल किती लागत्यात?"

सगळा वर्ग फुटला. मॅडम पण हसल्या.

"दोनच लागतात. एकावर पन्हाळा, एकावर जोतिबा. बघायचेत?"

मग त्यांनी फळ्यावर खालच्या बाजूला एक ते सहा आकडे लिहिले आणि यंत्राला फासा टाकायला सांगितलं. प्रत्येकानं दहा वेळा बटण दाबायचं, पडेल त्या आकड्यावर खडूचा ठिपका द्यायचा. तीनशे दहा ठिपके झाले आणि फळ्यावर सपाट माथ्याचं पठार उभं राहिलं.

"हा पन्हाळा. एका फाशात सगळे आकडे सारख्या मानाचे. आता दहा फासे एकदम टाकू आणि बेरीज मांडू."

पुन्हा यंत्र फिरलं. ह्या वेळी ठिपके मधोमध दाटले, कडेला विरळ झाले. क्रांती पाटील नावाची पोरगी खडू तसाच हातात धरून मागं सरकली. वडलांच्या चार म्हशी, सकाळची धार काढून सायकलवर सहा मैल येणारी. ती फळ्याकडं बघत ओरडली, "आयला! जोतिबाचा डोंगर झाला की ह्यो!"

"झाला ना? कुणी रचला?"

"कुणी न्हाय मॅडम. आपोआप."

"त्या आपोआपचंच शास्त्र आहे हे," राजमती मॅडम म्हणाल्या आणि पुढचा सगळा तास एकाही पोरानं घड्याळ बघितलं नाही.

असं सगळं रंगात आलेलं असताना प्राचार्य उदयसिंह सरनोबत सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. वाईट बातमी सांगायची असली की समोरच्याला आधी चहा पाजायचा. त्या दिवशी चहा दोनदा आला.

"मॅडम, गेल्या वर्षी सत्तावीसातली एकोणीस पोरं तुमच्या विषयात गळाली."

"व्हय सर. यंदा तसं होणार नाही."

"यंदाचं यंदा. पण पुढच्या वर्षीपासून हा विषयच बंद करावा, असं संस्थेचं म्हणणं पडलंय."

"संस्थेचं म्हणजे कुणाचं?"

सरांनी कप बशीत फिरवला. "शेठचं."

अभिनंदन शेठ म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, चांदीचे मोठे व्यापारी. अर्ध्या हुपरीचा माल त्यांच्या पेढीवरून जायचा, मगदुमांचाही. राजमती मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. विषय गेला तर तास गेले. तास गेले तर सकाळची फुंकणी दिवसभर तोंडात. तिची त्यांना लाज नव्हती. पण जोतिबाचा डोंगर फळ्यावर उभा करायचं दुसरं ठिकाण त्यांना ह्या जगात नव्हतं.

चार दिवसांनी शेठ स्वतःच वर्गात आले, मागोमाग सरनोबत सर. पांढरा सदरा, मोठा आवाज. कॅल्क्युलेटर उचलून त्यांनी कानाशी हलवून बघितला, घुंगरू वाजतंय का बघतात तसा.

"ह्या डबड्यावर चाललंय व्हय शिक्षण? वहिनी, मी तीस वर्षं माल घेतोय. पेटीत हात घालून धा जोड काढतो आणि सांगतो, आख्ख्या पेटीत किती खराब हाय ते. मला कुठलं संख्याशास्त्र लागलं?"

"आणि अंदाज बरोबर येतो का शेठ?"

शेठला असा प्रश्न कुणी विचारत नसावं.

"येतो म्हणजे? न येऊन सांगतोय कुणाला?"

"नाही, पुढं कधी आख्खी पेटी मोजून बघितलीय का, एवढंच विचारतो मी."

मग त्यांच्या अंगातला कोल्हापूरकर जागा झाला. आव्हान आलं की लंगोट कसायचा, एवढंच त्याला कळतं.

"लागली कुस्ती! दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी एक पेटी घेऊन येतो. तीनशे जोड. मी माझ्या हातानं सांगतो, तुम्ही तुमच्या डबड्यानं सांगा. मग सगळी मोजू. तुमचा आकडा जवळचा निघाला तर विषय ऱ्हाईल. माझा निघाला तर, सर, पुढच्या वर्षी ह्या खोलीत कॉम्प्युटर ठेवा."

सरनोबत सरांनी मान हलवली. ती होकाराची की घाबरल्याची, ते त्यांनाच ठाऊक.

आठवडाभर आधी मॅडमनी तालीम घ्यायची ठरवली. गोमटेशनं घरचीच एकशेवीस जोडांची पेटी मोटारसायकलवर बांधून आणली. क्रांतीनं वीस जोड काढले. मॅडमनी स्वतः एकेक तपासला. सांधा अंगठ्यानं दाबायचा, घुंगरू कानाशी हलवायचं. सांधा ढिला किंवा घुंगरू मुकं, तर तो जोड खराब. विसाच्या वीस जोड खणखणीत निघाले. आकडे यंत्रात घातले आणि काचेवर उत्तर आलं. पेटीतला खराब माल शेकडा शून्य ते शून्य.

"म्हणजे एक बी खराब न्हाय?" क्रांतीनं विचारलं.

"यंत्र तसं म्हणतंय," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या मनात कुठंतरी सुखाची उकळी पण फुटली. घरचा माल होता.

मग उरलेले शंभर मोजले. सतरा खराब निघाले.

वर्गात कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. मागच्या बाकावरचा, चॅनेल विचारणारा, हळूच म्हणाला, "मॅडम, यंत्र गंडलंय बघा. अमेरिकेचं हाय, आपली हवा सोसना झालीय त्याला." क्रांतीनं फळ्याच्या कोपऱ्यात राखून ठेवलेला जोतिबाचा डोंगर पुसला, तास संपल्यावर पुसतात तसा.

त्या रात्री राजमतीला जेवण गेलं नाही म्हणावं, तर ती सूर्य मावळायच्या आत जेवणाऱ्यांतली, जेवून मोकळी झाली होती. पण झोप काही आली नाही. सूत्र बरोबर होतं, बटणं बरोबर दाबली होती. मग सतरा आले कुठून?

सकाळी पुन्हा पाट, फुंकणी, वंदु, यरडु, मूरु. सातला गोमटेश पेटी घेऊन आला, थर लावत गेला, आणि शेवटी राजमतीनं आपले बारा जोड उचलून वर मांडले. घुंगरं एका बाजूला.

आणि हात तिथंच थांबला.

"अवो," ती म्हणाली.

"काय गं?"

"काल पोरीनं वीस जोड कुठनं काढले?"

"वरनंच की. पेटी उघडली आणि काढले. पालथी कोण घालतंय दुसऱ्याची चांदी?"

राजमतीनं कपाळावर हात मारला, चिमट्यासकट. वरचे बारा तिचे स्वतःचे. त्याखालचे आठ जाऊबाईंचे, बावीस वर्षं शेजारी बसून शिकलेल्या. यंत्राला विचारायला नेलं कुणाला, तर घरातल्या दोन सगळ्यात जाणत्या हातांना! मग ते शून्य सांगणार नाही तर काय सांगणार? क्रांतीनं तरी काय करावं. तीही इथलीच, वरचा थर सोडून तळाशी हात घालणं तिलाही उद्धटपणाच वाटला असणार.

"माझा बाप," राजमती हसायलाच लागली, "मिरचीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा. वरची मिरची दाखवणाऱ्याला दुकानात उभा करत नव्हता. आणि त्याची लेक वरच्या थरावर फसली! तेही स्वतःच लावलेल्या!"

"मग आता तळातनं काढायचे?"

"न्हाय वो. तळात शिकाऊ बायकांचे. तिथनं काढले तर उलटं फसणार. कुठनं काढायचे ते आपण ठरवायचंच न्हाय."

शनिवारी कॉलेजच्या सभागृहात सतरंज्या अंथरल्या. ऊन लख्ख पडलं होतं. शेठ आले, पेटी आली, आणि पेटीमागनं गुंडूमामा आले. शेठच्या पेढीवर चाळीस वर्षं माल पारखणारे म्हातारे गृहस्थ, डोळ्याला जाड चष्मा, पण कान असा की मुकं घुंगरू शेजारच्या खोलीतनं ओळखतील. खराब कोणता हे गुंडूमामांनी सांगायचं, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. लहान पोरींचे बारीक पैंजण होते, एका घरचे, तीनशे जोड. मगदुमांचे नव्हते.

शेठनी बाह्या वर केल्या. पेटी उघडली, वरचा थर बघून मिश्कील हसले, आणि सरळ बाजूनं हात घालून तळातून दहा जोड खेचले.

"मानाचा थर मला दाखवायला मी काय कालचा पावणा हाय व्हय?"

राजमती मॅडमनी क्रांतीकडं बघितलं. क्रांतीनं ओठ दाबून हसू आवरलं.

गुंडूमामांनी दहा जोड कानाला लावले. तीन बाजूला टाकले.

"धा जोडांत तीन," शेठ म्हणाले. "तीनशेत नव्वद. लिहा फळ्यावर."

दहाही जोड परत तळात ठेवले. मग पोरांनी पेटीतला एकेक थर काढून जोड सतरंजीवर मांडले, दहा-दहाच्या तीस रांगा, पहिला थर पहिल्या रांगांत आणि तळ शेवटी. जोडांना ओळीनं आकडे. क्रांतीनं यंत्राला एक ते तीनशेमधले आकडे काढायला सांगितलं आणि ओरडायला सुरुवात केली.

"दोनशे एकेचाळीस! सतरा! एकशे आठ!"

"हौजी चाललीय जणू," कुणीतरी म्हणालं.

"अठ्ठ्याऐंशी! पुन्हा सतरा आला मॅडम."

"आलेला सोड. पुढचा घे."

साठ जोड निघाले. पुढच्या रांगांतनं, मधल्या रांगांतनं, तळातनं, जसे यंत्रानं म्हटले तसे. कुणाच्या मनाचं काही नाही. गुंडूमामांनी प्रत्येक जोड हलवला, दाबला. सात बाजूला पडले. क्रांतीनं साठ आणि सात यंत्रात घातले, काच मॅडमना दाखवली, मग मोठ्यानं वाचलं.

"तीनशेत अकरा ते एकोणसाठच्या मधी. एकच आकडा मागत असाल तर पस्तीस."

"अकरा ते एकोणसाठ?" शेठ गडगडून हसले. "एवढ्या जागेत म्हैस बसंल की गं पोरी!"

"बसंल की शेठ. आमच्याकडं चार हायत, मापानं सांगतो," क्रांती म्हणाली. "पण तुमचा नव्वद मातर गोठ्याच्या भाईर राहतोय."

सभागृह हादरलं. सरनोबत सरांनी चहा मागवला.

मग आख्खी पेटी मोजायला घेतली. गुंडूमामा रांगेरांगेनं सरकत होते, पोरं मागनं खुणा करत होती. पहिल्या शंभरात चार. शेठनी हात झटकला, "वरचा माल हाय, वरचा." दुसऱ्या शंभरात तेरा. एकूण सतरा. सतरा, तोच मेला आकडा. मॅडम मनात मोजत राहिल्या, कानडीतच.

"तळ अजून ऱ्हायलाय वहिनी," शेठ म्हणाले.

"राहू द्या की शेठ. तळ आमच्या साठात पण होता."

तिसऱ्या शंभरात खराब जोड भराभर निघायला लागले. एका रांगेत तीन, पुढच्या रांगेत पुन्हा तीन. शेठ उठून उभे राहिले. तिसावी रांग. गुंडूमामांनी शेवटचा जोड कानाशी हलवला, थांबले, पुन्हा हलवला, आणि चांगल्यात ठेवला.

चॅनेलवाल्या पोरानं खुणा मोजल्या. दोनदा मोजल्या. "शेवटच्या शंभरात एकवीस. सगळे मिळून अडतीस!"

पस्तीस म्हटलं होतं, अडतीस निघाले. मग जो कालवा झाला त्यात कोण काय ओरडलं ते कुणालाच कळलं नाही. क्रांतीनं यंत्र दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं, मैदान मारलेल्या पैलवानानं गदा धरावी तसं, आणि एकतीस पोरं सतरंज्यांच्या कडेनं नाचली. चांदीवर मात्र एकाचाही पाय पडला नाही. हुपरीच्या आसपासची पोरं, तेवढं अंगात असतंच.

शेठ फळ्यासमोर उभे होते. नव्वद, पस्तीस, अडतीस.

"तीस वर्षं," ते म्हणाले, "मी तळातनंच हात घालतोय. मला वाटायचं, मी शहाणा."

"शहाणेच आहात शेठ," राजमती मॅडम म्हणाल्या. "वरचा थर फसवतो हे तुम्हाला ठाऊक होतं. मी तर आठवड्यापूर्वी त्यावरच आपटले. पण वरून फसा नाहीतर खालून, फसणं सारखंच. हात मोकळा सोडायला यंत्र लागलं."

"न्हाय न्हाय. यंत्र म्हणू नका." शेठनी कॅल्क्युलेटर हातात घेतला, ह्या वेळी कानाला न लावता. "यंत्राला पेटी कशी भरत्यात हे कुठं ठाव हाय? ते तुम्हाला ठाव होतं." मग वळून, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं, "सर! विषय ऱ्हाऊ दे. आणि दर महिन्याला ही पोरं माझ्या पेढीवर माल मोजायला येऊ देत. गुंडूमामा शिकवतील कानाचं, पोरं शिकवतील आकड्याचं."

गुंडूमामा चष्मा पुसत क्रांतीला म्हणाले, "म्हसरं सांभाळून येशील न्हवं गं?"

"धार काढून येतो की मामा."

सरनोबत सरांनी राजमती मॅडमना स्वतःच्या हातानं चहाचा कप दिला. पहिल्यांदाच त्या चहामागून वाईट बातमी आली नाही.

घरी पोचेपर्यंत सूर्य खाली आला होता. गोमटेश दारातच उभा. बातमी बसच्या आधी गावात आली होती. गल्लीतल्या दोघीतिघी साखर घेऊन बसलेल्या. राजमतीनं साखर तोंडात टाकली, जेवण उरकलं, आणि उद्याची पेटी बघितली. अर्धी भरलेली.

"आता कसं करायचं?" गोमटेशनं विचारलं. "सगळे मिसळून ठेवू का?"

राजमतीनं विचार केला. शेठ आता तळातून काढणार नव्हते, वरूनही नाही.

"नको. माझे वरच ठेवा. कसेही ठेवले तरी आता तपासणारा फसायचा न्हाय. मग मान का सोडा?"

तिनं यंत्र पिशवीतून काढून फुंकणीशेजारच्या फळीवर ठेवलं, आणि नळाला पाणी आलं म्हणून खाली गेली. पहिल्या हंड्याच्या तोंडाला पाणी गाळायचं फडकं दुहेरी करून बांधलं, धार बारीक केली. हंडा भरत आला तसा तिनं दुसरा पुढं ओढला.